प्राग ते व्हिएन्ना : विमान, बस की रेल्वे? आणि वाटेत बर्नोला उतरावे का?

गोदाकाठ

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये मी, माझी ७१ वर्षांची आई आणि नुकतीच बारावी झालेली माझी कन्या असे आम्ही तिघे नऊ दिवसांसाठी प्राग आणि व्हिएन्ना ही दोनच शहरे पाहण्यास जाणार आहोत. सहल कंपनीबरोबर दहा दिवसांत सात देश हा बेत आईने माहितीपत्रक वाचूनच मोडीत काढला. "रोज पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर ठेवायला मी काही शिबिराला चाललेले नाही," असे तिचे म्हणणे. ती तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवत होती आणि माझे वडील रेल्वेत गार्ड होते. आमचे सारे बालपण नाशिकरोड आणि इगतपुरी येथील रेल्वे वसाहतींत गेले. त्यामुळे या दोन शहरांमधला प्रवास रेल्वेनेच व्हावा, असा तिचा हट्ट आहे. विमानाने तासाभरात पोहोचता येईल, असे आमचे एक नातेवाईक सांगतात.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रेल्वेने जाण्यात आईच्या हौसेपलीकडे काही अर्थ आहे का? वाटेत बर्नो नावाचे मोठे शहर लागते, तिथे काही तास उतरावे का? आणि आई सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर सहज चालते, पण जिने चढताना तिचे गुडघे दुखतात, तेव्हा दोन्ही शहरांत कोणत्या ठिकाणी जपून राहावे?

रुळावरचा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबानेही देता येते. दोन्ही शहरांचे विमानतळ शहराबाहेर आहेत. हॉटेलातून निघणे, तपासणी, प्रतीक्षा, सामानाचा पट्टा आणि पुन्हा शहरात येणे हे सर्व धरले, तर तासाभराचे उड्डाण चार तासांवर जाते. रेल्वेला प्रागच्या मुख्य स्थानकापासून व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकापर्यंतच्या सुमारे ४०० किलोमीटरसाठी साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि दोन्ही स्थानके भुयारी रेल्वेने शहराच्या मध्यभागाशी जोडलेली आहेत. बस रेल्वेपेक्षा स्वस्त पडते, पण ती महामार्गाने जाते आणि महामार्ग सगळीकडे सारखेच दिसतात.

आता हिशेबाबाहेरची गोष्ट सांगतो. हा लोहमार्ग युरोप खंडातील अगदी सुरुवातीच्या मार्गांपैकी आहे. व्हिएन्ना ते बर्नो हा भाग ७ जुलै १८३९ रोजी सुरू झाला, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी धावण्यापूर्वी जवळजवळ चौदा वर्षे. उद्घाटनाच्याच दिवशी परतीच्या वाटेवर व्रानोवित्से येथे दोन गाड्यांची टक्कर झाली, म्हणजे अपघाताचा इतिहासही पहिल्या दिवसापासूनचाच आहे. ओलोमोउत्स ते प्राग हा मार्ग २० ऑगस्ट १८४५ रोजी सुरू झाला. तो यान पर्नर या तरुण अभियंत्याने बांधला. उद्घाटनानंतर तीनच आठवड्यांनी तो आपल्याच मार्गावरून गाडीने येत होता. खोत्सेनच्या बोगद्याजवळ त्याने डब्यातून बाहेर वाकून मागे पाहिले, तेव्हा रुळालगतच्या खांबाचा आघात त्याच्या डोक्यावर झाला आणि दुसऱ्या दिवशी पार्दुबित्से येथे त्याचा मृत्यू झाला. त्याची तिशी नुकतीच पूर्ण झाली होती. पार्दुबित्से विद्यापीठाच्या वाहतूक विद्याशाखेला आज त्याचेच नाव आहे. बर्नो आणि चेस्का त्र्शेबोवा यांना जोडणारा दुवा १ जानेवारी १८४९ रोजी खुला झाला आणि आज आपण ज्या वाटेने जातो ती सलग वाट तयार झाली. ओलोमोउत्स वगळता ही स्थानकांची नावे पाठ करून ठेवा, कारण ती एकामागून एक खिडकीतून जातात.

आपल्या मातोश्रींना एक गोष्ट आवर्जून सांगा, त्यांना ती फार आवडेल. मुंबईकडे डीसी (एकाच दिशेने वाहणारी) आणि नाशिककडे एसी (दिशा पालटत राहणारी) वीज अशी विभागणी होती तोवर इगतपुरीला गाडीचे इंजिन बदलले जाई, हे त्यांना मी सांगायला नको. या मार्गावरही तसेच आहे, किंबहुना एक पायरी अधिक आहे. प्रागकडे ३,००० व्होल्टची डीसी, बर्नोकडे २५,००० व्होल्टची एसी आणि सीमेपलीकडे ऑस्ट्रियात १५,००० व्होल्टची एसी, तीही १६.७ हर्ट्झ एवढ्या कमी वारंवारितेची. डीसीचा भाग एसीमध्ये बदलण्याचे काम तिथे टप्प्याटप्प्याने चालू आहे. फरक इतकाच की तिथे इंजिन बदलत नाही. तिन्ही प्रकारच्या विजेवर चालणारे एकच इंजिन धावता धावता एका तारेखालून दुसऱ्या तारेखाली सरकते. स्वितावी या गावाच्या आसपास कान देऊन बसलात, तर वीज बदलताना डब्यातील हवेचा आवाज काही क्षण थांबल्याचे जाणवेल.

आसने जाण्याच्या दिशेने उजव्या बाजूची घ्या. खोत्सेन ते उस्ती नाद ऑर्लित्सी या टप्प्यात गाडी ऑर्लित्से नदीच्या वळणांबरोबर वळत जाते आणि वेग बराच कमी होतो. ब्लान्स्को ते बर्नो हा स्वितावा नदीचा अरुंद, झाडीचा आणि बोगद्यांचा भाग सर्वांत देखणा आहे. बर्नोनंतर सपाट शेते आणि द्राक्षमळे लागतात. तिथे उजवीकडे पालावा टेकड्यांची चुनखडीची पांढरी कडा दिसते. ही गाडी ताशी २३० किलोमीटर वेगाने धावू शकते, पण चेक प्रदेशात १६० च्या वर जात नाही. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे.

मंजिरी_प

रुळावरचा यांनी मार्गाबद्दल सर्व काही सांगितले आहे, म्हणून मी तिकीट आणि पैसे या दोनच गोष्टींविषयी लिहिते. या दोन्हींत मी स्वतः ठेच खाल्लेली आहे.

तिकीट चेक किंवा ऑस्ट्रियन रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढावे. एकाच गाडीचे तिकीट दोन्हीकडे वेगवेगळ्या दराने मिळू शकते, म्हणून दोन्हीकडे पाहावे. आम्ही एका मध्यस्थ संकेतस्थळावरून तिकीट काढले. त्यांनी सेवाशुल्क घेतले ते घेतलेच, शिवाय आसनांचे आरक्षण त्यात धरलेले नव्हते. तिकडे तिकीट आणि आरक्षण या दोन वेगळ्या बाबी असतात. तिकीट असले की गाडीत चढता येते, पण आसनाची हमी नसते. आम्ही पार्दुबित्सेपर्यंत दाराजवळ सामानावर बसून गेलो. मोठ्या माणसांसोबत जाताना आरक्षणाचे थोडे पैसे वाचवू नयेत.

लवकर काढलेले स्वस्त तिकीट त्या विशिष्ट गाडीशी बांधलेले असते. तुम्हाला बर्नोला उतरायचे असेल तर प्राग–बर्नो आणि बर्नो–व्हिएन्ना अशी दोन तिकिटे काढावी लागतील. एकाच तिकिटावर मध्ये उतरून पुढची गाडी पकडण्याचा विचार करू नका.

पैशांबाबत सांगायचे तर चेक प्रजासत्ताकात कोरुना चालतो आणि ऑस्ट्रियात युरो. प्रागच्या जुन्या शहरात "शुल्क शून्य" अशी मोठी पाटी लावलेल्या एका दुकानात मी शंभर युरो बदलले आणि हातात आलेली रक्कम मोजल्यावर घशाला कोरड पडली, कारण शुल्क शून्य असले तरी दरच पडेल होता. २०१९ पासून तिथे असा कायदा आहे की १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून मागता येतो. मला ते रात्री हॉटेलात वाचायला मिळाले. पावती जपून ठेवा, किंवा सरळ एखाद्या बँकेच्या एटीएममधून कोरुना काढा, आणि तेही थोडेच, कारण बहुतेक ठिकाणी कार्ड चालते.

अनिकेत_ठाणे

माझे मत थोडे वेगळे आहे. नऊ दिवसांतून येण्या-जाण्याचे दोन दिवस गेले की सात उरतात. त्यांत प्राग आणि व्हिएन्ना ही दोन शहरे धड पाहून होत नाहीत, तिथे बर्नोसाठी सामान घेऊन उतरणे, ते लॉकरमध्ये ठेवणे आणि पुन्हा गाडी पकडणे ही यातायात कशाला? मी स्वतः बर्नोत कामानिमित्त महिनाभर राहिलो आहे. शहर राहायला उत्तम आहे, पण पर्यटकाने थांबावे असे तिथे फार नाही. त्यापेक्षा प्रागहून कोलीनमार्गे तासाभरावर असलेल्या कुत्ना होरा येथे जावे. एके काळी चांदीच्या खाणींनी श्रीमंत झालेले ते गाव आहे. तेथील सेडलेत्सच्या कबरस्थानातील चर्चमध्ये सुमारे ४०,००० माणसांच्या अस्थींची मांडणी केलेली आहे. झुंबरसुद्धा हाडांचे आहे. अर्थात ज्यांना चालेल त्यांनीच जावे.

गोदाकाठ

आपणा सर्वांचे आभार. अस्थींच्या झुंबराविषयी आईला सांगितले. तिने शांतपणे "नको" म्हटले आणि विषय संपला. इगतपुरीची गोष्ट मात्र तिने दोनदा वाचायला लावली आणि माझ्या कन्येला डीसी-एसी म्हणजे काय हे जेवताना अर्धा तास समजावले.

मंजिरीताई, एक विचारायचे राहिले. आमच्या नाशिकरोडला बाळ येशूची मोठी यात्रा फेब्रुवारीत भरते. आम्ही ख्रिस्ती नाही, पण आई लहानपणापासून दर वर्षी त्या यात्रेला जात आली आहे. तिथल्या त्या मुकुटधारी बालमूर्तीचे मूळ प्रागमध्ये आहे, असे तिने कुठेतरी वाचले आहे. ते नेमके कुठे आहे?

मंजिरी_प

आईंचे वाचन अचूक आहे. माला स्त्राना या भागात, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याशी, विजयी मातेचे चर्च आहे, तिथे ती मूळ मूर्ती आहे. ट्राम हेलिखोवा या थांब्यावर थांबते आणि चर्च तिथून पावलांवर आहे. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. मूर्ती मेणाचा थर दिलेली, लाकडाची, जेमतेम ४७ सेंटिमीटर उंचीची आहे. ती स्पेनमधून आली आणि १६२८ मध्ये लोब्कोवित्स घराण्यातील पोलिक्सेना या स्त्रीने ती तेथील कार्मेलाइट मठाला दिली. आपल्याकडे देवाला ऋतूप्रमाणे वस्त्रे बदलतात तशी तिथेही सण आणि काळ पाहून मूर्तीचे झगे बदलले जातात. वर एका लहानशा दालनात जुने झगे मांडलेले आहेत. त्यांतील एक व्हिएन्नाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने स्वतः भरतकाम करून अर्पण केला, असे तेथे सांगतात. त्या दालनाचा गोल जिना अरुंद आहे, तेव्हा आईंना खालीच मूर्तीसमोर बसू द्या.

गुडघ्यांसाठी एक युक्ती सांगते. किल्ल्यावर पायऱ्यांनी चढू नका. २२ क्रमांकाच्या ट्रामने किल्ल्याच्याही पुढे पोहोर्झेलेत्स थांब्यापर्यंत जा आणि तिथून उताराने चालत किल्ल्यात या. सेंट व्हायटस कॅथीड्रलचा पाया १३४४ मध्ये घातला गेला आणि ते १९२९ मध्ये पूर्ण झाले. आपल्याकडचे रखडलेले उड्डाणपूल मला त्या दिवसापासून क्षम्य वाटू लागले आहेत. इतिहासाच्या शिक्षिकेने जुन्या राजवाड्यातील ती खिडकी मात्र चुकवू नये, जिथून २३ मे १६१८ रोजी सम्राटाच्या दोन कारभाऱ्यांना आणि त्यांच्या लेखनिकाला खाली फेकण्यात आले. तिघेही वाचले, पण त्यातून पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले.

चार्ल्स पुलावर सकाळी सातच्या आत जावे. ५१६ मीटर लांबीच्या त्या पुलावर दुपारी माणसांखेरीज काही दिसत नाही. खगोलीय घड्याळासमोर तासाच्या ठोक्याला गर्दी होते, बाहुल्यांचा फेरा पाऊण मिनिटात संपतो आणि पुष्कळांचा विरस होतो. १४१० पासूनचे ते यंत्र आहे, म्हणून ठोक्यानंतर गर्दी पांगली की निवांत उभे राहून तबकडी वाचावी, तिच्यावर सूर्य आणि चंद्र कोणत्या राशीत आहेत तेही दिसते.

डोनाउतीर

मी व्हिएन्नात अठरा वर्षे राहतो. धागा वाचून गंमत वाटली, कारण येथे येणारे बहुतेक पाहुणे प्रागविषयी भरभरून बोलतात आणि आमच्या शहराला "थोडे कडक" म्हणतात. ते अगदीच खोटे नाही.

मुख्य स्थानकात उतरल्यावर भुयारी रेल्वेची पहिली मार्गिका घ्या, तिसरा थांबा सेंट स्टीफन कॅथीड्रलचा आहे. सरकत्या जिन्याने वर आले की १३६ मीटरचा दक्षिण मनोरा अंगावर येतो. त्याच्या ३४३ पायऱ्या आहेत आणि तिथे उद्वाहक नाही. उत्तर मनोऱ्याला मात्र उद्वाहक आहे आणि पुमेरिन ही प्रचंड घंटाही तिथेच आहे, तेव्हा आईंनी निःशंक वर जावे. १६८३ मध्ये तुर्कांनी या शहराला घातलेला वेढा उठल्यावर मागे राहिलेल्या तोफा वितळवून ही घंटा १७११ मध्ये ओतली गेली. १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली आणि तिच्याच धातूपासून १९५१ मध्ये नवी ओतण्यात आली. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक नोंद : त्याच १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराज फोंड्याच्या किल्ल्यासाठी पोर्तुगीजांशी झुंजत होते.

रिंग रस्त्यावर ट्रामने फिरावे. जुनी तटबंदी पाडून तिथे हा रस्ता करण्याचा हुकूम सम्राट फ्रान्झ योझेफ याने १८५७ मध्ये काढला. विद्यापीठाच्या इमारतीपाशी अवश्य उतरा. तिच्या आतील कमानींच्या चौकात विद्वानांचे अर्धपुतळे ओळीने मांडलेले आहेत आणि तिथे कोणीही जाऊन बसू शकते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले आणि संस्कृत हस्तलिखितांसाठी पश्चिम भारत पालथा घातलेले गेओर्ग ब्यूलर १८८१ पासून याच विद्यापीठात प्राध्यापक होते. १८८६ मध्ये व्हिएन्नात प्राच्यविद्येची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर पुण्याहून तिला आले होते. सुभाषचंद्र बोस १९३० च्या दशकात उपचारांसाठी प्रथम या शहरात आले, पुढे पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि त्यांची कन्या अनिता हिचा जन्मही १९४२ मध्ये येथेच झाला. येथे येणारे मराठी पाहुणे राजवाडे पाहून परततात, यातले त्यांना कोणी सांगत नाही.

शोनब्रुन राजवाड्याच्या आत तिकीट आहे, पण बाग सर्वांना मोफत खुली आहे. शेवटी रविवारी येऊ नका, आणि येणे भागच असेल तर शनिवारीच दूध, फळे आणि ब्रेड घेऊन ठेवा, कारण रविवारी दुकाने बंद असतात आणि स्थानकातील मोजकी उघडी राहतात. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी नळाने या शहरात येते. कॉफीगृहात कॉफीबरोबर चांदीच्या तबकात जो पाण्याचा पेला येतो, तो त्याच पाण्याचा असतो. एक कॉफी घेऊन दोन तास बसलात तरी कोणी उठवत नाही. वेटरने हसून बोलावे अशी अपेक्षा तेवढी ठेवू नका.

रुळावरचा

अनिकेत यांच्या बर्नोविषयीच्या मताशी मी सहमत नाही, परंतु त्यांनी महिनाभर राहून जे मत बनवले त्याला मी चार तासांच्या भेटीवरून आव्हान देणे बरे नव्हे. एवढेच सांगतो की कन्या बारावीला जीवशास्त्र शिकली असेल, तर ग्रेगोर मेंडेल यांनी ज्या मठाच्या बागेत वाटाण्यांचे प्रयोग केले तो मठ बर्नोत आहे. शिवाय तेथील कॅथीड्रलच्या दुपारी बाराच्या घंटा अकराला वाजतात. आख्यायिका अशी की १६४५ मध्ये स्वीडिश सेनापतीने "बारापर्यंत शहर पडले नाही तर वेढा उठवीन" असा शब्द दिला होता आणि शहरवासीयांनी घंटा तासभर आधीच वाजवल्या. प्रागहून आठच्या आतली गाडी घेतलीत तर त्या घंटा ऐकायला मिळतील.

गोदाकाठ

धागा सुरू करून चार महिने झाले. आम्ही जाऊन आलो. इथे ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना हिशेब देणे माझे कर्तव्य आहे, म्हणून लिहितो. प्रागमध्ये चार रात्री, बर्नोत पाच तास आणि व्हिएन्नात तीन रात्री असे शेवटी ठरले.

प्रागच्या मुख्य स्थानकावर आम्ही गाडीच्या तासभर आधी पोहोचलो. आईला पहिल्या फलाटावरील निकोलस विंटन यांचा पुतळा पाहायचा होता. १९३९ मध्ये नाझींच्या तावडीतून बहुतांशी ज्यू असलेल्या ६६९ मुलांना रेल्वेने ब्रिटनला पाठवण्याची व्यवस्था या माणसाने केली. शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ रोजी निघायची होती, त्याच दिवशी युद्ध सुरू झाले आणि ती निघाली नाही. पुतळ्याच्या कडेवर एक मूल आहे, शेजारी एक मुलगी उभी आहे आणि पायाशी एक बॅग आहे. आईने पिशवीतून रुमाल काढून बॅगेवरची धूळ पुसली आणि मग घड्याळ पाहून म्हणाली, "चला, फलाट लागला असेल."

फलाट लागला नव्हता. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून नोंदवून ठेवतो. तेथे फलाटाचा क्रमांक गाडी सुटण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटेच फलकावर झळकतो. तोवर शेकडो माणसे सामान घेऊन फलकाखाली मान वर करून उभी असतात आणि क्रमांक येताच सारी गर्दी एकदम भुयाराकडे वळते. फलकावर "नास्तुपिश्ते" म्हणजे फलाट आणि "कोलेय" म्हणजे रूळ असे दोन वेगळे आकडे असतात. आम्ही रुळाचा आकडा फलाटाचा समजून चुकीच्या जिन्याने वर गेलो आणि परत खाली आलो. गाडी मिळाली, पण आईचे गुडघे नंतर दोन दिवस बोलत होते.

दुसरी फजिती डब्यात झाली. मी हौसेने आरक्षित केलेली आसने शांतता राखण्याच्या कक्षात होती, हे मला ठाऊक नव्हते. गाडी सुटल्यावर आईने कोलीनपर्यंत वडिलांच्या नोकरीतील आठवणी नेहमीच्या, म्हणजे धावत्या गाडीच्या आवाजावर मात करणाऱ्या, स्वरात सांगितल्या. तिकीट तपासनीस बाई आल्या, तिकिटे पाहिली आणि काही न बोलता खिडकीवरील चित्राकडे बोट दाखवले. चित्रात ओठांवर बोट ठेवलेला चेहरा होता. आईने लगेच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवले आणि त्या बाई हसल्या. त्यानंतरचा प्रवास आम्ही कागदावर लिहून बोलत केला. तो कागद माझ्याकडे आहे. त्यावर आईच्या अक्षरात "खोत्सेन. बोगदा. बिचारा पर्नर." एवढे लिहिलेले आहे.

चेस्का त्र्शेबोवा गेले तसे तिने चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून बसली. मला वाटले, झोप लागली. स्वितावीनंतर थोड्या वेळाने डब्यातील हवेचा सततचा आवाज थांबला. एरवी कोणाच्या लक्षातही आले नसते. सहा-सात सेकंद फक्त रुळांचा आवाज येत होता, मग आवाज पुन्हा सुरू झाला. आईने डोळे न उघडता कागद ओढून घेतला आणि लिहिले, "इगतपुरी." कन्येने त्याखाली लिहिले, "पण वडापाव कुठे आहे?"

बर्नोला आम्ही साडेदहाच्या सुमारास उतरलो, सामान लॉकरमध्ये टाकले आणि अकराला कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर बसून बाराच्या घंटा ऐकल्या. मेंडेल यांच्या मठातील बागेत त्यांच्या काचगृहाचा पाया अजून दिसतो. कन्या तिथून हलेना, त्यामुळे ठरवलेली गाडी चुकण्याची वेळ आली होती. अनिकेत यांचे म्हणणेही खरे आहे की पाहण्याजोग्या गोष्टी तिथे मोजक्याच आहेत. आमच्या तिघांना मात्र त्या पुरल्या. सीमेवर ब्रझेत्स्लाव येथे गाडी थोडी थांबली. पारपत्र कोणी मागितले नाही, मात्र ध्वनिक्षेपकावर आता जर्मन घोषणा आधी येऊ लागली. तीन-चार तासांत एका देशातून दुसऱ्या देशात आलो आणि त्याचा एवढाच पुरावा होता, हे आईला काही केल्या पटत नव्हते.

बाळ येशूसमोर ती अर्धा तास बसली. मूर्ती इतकी लहान असेल असे तिला वाटले नव्हते. नाशिकरोडची तिने मनात फार मोठी करून ठेवली होती, असे ती नंतर म्हणाली. त्या दिवशी झगा हिरवा होता.

व्हिएन्नात ती सर्वांत जास्त वेळ विद्यापीठाच्या त्या चौकात रमली. दोन दिवस दुपारी आम्हाला राजवाड्यांकडे पाठवून ती एकटी तिथल्या आरामखुर्चीवर जाऊन बसत असे. भांडारकर इथेच कुठेतरी ओळखीचे संस्कृत बोलणारे माणूस शोधत फिरले असतील, अशी तिची कल्पना.

मंजिरी_प

वृत्तान्त वाचून फार बरे वाटले. रुळावरचा यांनी सांगितलेली उजवीकडची आसने मिळाली का? पालावा टेकड्या दिसल्या का? आम्ही गेलो तेव्हा दाराशी सामानावर बसल्याने आम्हाला काहीच दिसले नव्हते, म्हणून विचारते.

गोदाकाठ

प्राग ते बर्नो उजवीकडची मिळाली. बर्नोहून पुढच्या गाडीत मात्र आरक्षण डावीकडचे झाले होते, कारण संकेतस्थळावरील नकाशात गाडीचे तोंड कोणत्या बाजूला आहे हे मला उलटे कळले. पलीकडे एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. आईने त्यांच्याकडे पाहून खिडकीकडे बोट दाखवले, त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि उठून तिला जागा दिली. टेकड्या आठ-दहा मिनिटे दिसत राहतात. पहिल्यांदा दूर, ढगासारख्या वाटतात, मग तलावाच्या मागे पांढरा कडा आणि त्यावर पडका किल्ला स्पष्ट दिसतो. तो किल्ला कोणता, असे तिने खुणेने विचारले, तेव्हा आजोबांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काहीतरी लिहून तो तुकडा फाडून दिला. अक्षर आम्हाला तिघांनाही लागलेले नाही. त्याचे छायाचित्र उद्या इथे टाकतो, डोनाउतीर यांनी वाचता आले तर सांगावे.